खुर्च्या फिरवणारी पोरं

आमच्या वसाहतीत लोकशाही आहे. असं आमचे भावोजी म्हणतात, आणि रहिवासी मंडळाचे अध्यक्ष तेच असल्यामुळे ती आहे की नाही हे ठरवायचा अधिकारही त्यांचाच. भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर, शेजारच्याच घरात राहतात. शिक्षण खात्यात मोठे साहेब होते. निवृत्त झाले तेव्हा कचेरीतली स्वतःची खुर्ची लिलावात घेऊन घरी आले. आमचे हे तेव्हा म्हणाले होते, "साहेबी सुटली, खुर्ची सुटेना." हे गेले त्याला बरीच वर्षं झाली, पण वाक्य मी जपून ठेवलंय. अधूनमधून लागतं.

खुर्चीचं एवढं का सांगतेय, तर आमच्या मंडळाचा सगळा कारभारच खुर्च्यांवर चालतो. हॉलमध्ये पूर्वी बसायला काही नव्हतं, म्हणून सभेला येताना ज्याने त्याने घरून खुर्ची आणायची अशी सोय निघाली. सोयीचा नियम झाला आणि नियमाचा मानपान झाला. एका घराची एक खुर्ची, एका खुर्चीचं एक मत, आणि खुर्ची नाही त्याने बोलायचं नाही. मग काय, जो तो घरातली सगळ्यात भारदस्त खुर्ची आणायला लागला. दंतवैद्य दवाखान्यातली लोखंडी आणतात. मोठ्या नर्सबाईंची सागवानी आहे, तिच्या पाठीवर द्राक्षांचे घोस कोरलेत आणि ते त्यांच्या पाठीत रुततात, पण बाई तीच आणतात. बँकेतले हिशेबनीस चाकांची फिरती खुर्ची आणत, ती मंडळाने बंद केली. का, ते पुढे कळेलच.

मतदान हात वर करून होत नाही. त्यावरून एकदा जुंपली होती. कोण म्हणे मी मत दिलं नाही, डोकं खाजवत होतो. तेव्हापासून ठरलं की ठरावाला ज्याचा विरोध असेल त्याने खुर्ची फिरवायची आणि अध्यक्षांकडे पाठ करून बसायचं. हिशेबनिसांची फिरती खुर्ची म्हणूनच बंद झाली. ते बोलणाऱ्याकडे बघायला वळले तरी मत बदलायचं.

आता आमच्या वसाहतीचं वय बघा. कोणाचे गुडघे गेलेत, कोणाची कंबर धरते, कोणाला झुकलं की चक्कर येते. त्या बोजड खुर्च्या घरून हॉलमध्ये आणणार कोण आणि तिथे फिरवणार कोण? तर पोरं. जवळच मोठं कॉलेज आहे, त्याच्याशेजारी शिकाऊ इस्पितळ आहे, आणि आमच्यातल्या बहुतेकांनी वरची खोली विद्यार्थ्यांना भाड्याने दिलीय. सभेच्या दिवशी ही पोरं खुर्च्या डोक्यावर घेऊन पुढे, आणि मालक छडी टेकत मागे. सभा चालू असताना पोरं मागच्या भिंतीला टेकून उभी. मतदानाची वेळ आली की इकडून हाक येते, "पोरा, फिरव रे," तिकडून हाक येते, "बेटा, मलाही जरा." दोघं जण येतात, माणसासकट खुर्ची उचलतात, आवाज न करता फिरवतात आणि पुन्हा भिंतीला जाऊन टेकतात. इतक्या वर्षांत कोणाचंही मत चुकीच्या दिशेला ठेवलं नाही त्यांनी. पण ती स्वतः काय म्हणतात, असं कोणी विचारलं नाही. भाडं घेताना ती राहणारी असतात, सभेत आली की नुसतं सामान उचलणारी.

माझ्या वरच्या खोलीत एक मुलगी राहते. कृत्रिम पाय बनवायचं शिकते. म्हणजे ज्याचा पाय कापलाय त्याच्या उरलेल्या मांडीचा साचा घ्यायचा, त्यावरून पाय घडवायचा, तो चढवून माणसाला चालायला लावायचं, बोचला की उतरवून घासायचा, पुन्हा चढवायचा. कपड्यांवर कायम पांढरी भुकटी, नखांत प्लास्टर. वसाहतीत तिला प्लास्टरवाली म्हणतात. जिन्यात तिची पांढरी पावलं उमटतात आणि मी रोज तिच्या नावाने बोटं मोडते. संध्याकाळी इस्पितळातून मागच्या फाटकाने येते, दारातूनच हाक मारते, "काकू, आलेय." मग माझ्या जिवात जीव येतो. हे मी तिला कधी बोलून दाखवलेलं नाही. मी म्हणते, "पाय पुसून ये."

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. जन्मभर या माणसाला त्या माणसाशी जोडून दिलं, आणि घरी आल्यावर माझ्याशी बोलायला हे होते. हे गेल्यावर घर इतकं गप्प झालं की मी पंखा उगाचच चालू ठेवायचे. ही पोर आली आणि पंख्याची गरज संपली. ती इथे राहायला हवी, एवढंच मला हवं होतं, आणि त्यालाच भावोजींनी हात घातला.

सभेची सूचना फळ्यावर लागली: मागचं फाटक कायमचं बंद करणे. कारण काय, तर वसाहतीचं स्वास्थ्य. मी भावोजींना कुंपणावरून विचारलं, "स्वास्थ्याला काय झालंय?"

"वहिनी, संध्याकाळी फाटकापाशी मुलं हसतात," भावोजी म्हणाले.

"कशाला?"

"तेच तर. कशाला हसतात कळत नाही."

आणखी तक्रारी होत्या. सायकली कुरकुरतात. बिस्किटाचा कागद सापडला. एक मुलगा आणि एक मुलगी फाटकाला टेकून बोलत उभी होती, आणि दंतवैद्यांच्या बायकोने तो प्रकार खिडकीतून संपेपर्यंत पाहिला. तो बघून तिला फार त्रास झाला म्हणे. त्रास होत होता तर खिडकी लावून घ्यायची होती, पण ते तिला सुचलं नाही.

फाटकाबाहेर मागचा रस्ता आहे. तिथे दिवे आहेत, दुकानं आहेत, औषधाचं दुकान आहे, बस थांबते, आणि इस्पितळ हाकेच्या अंतरावर. फाटक बंद झालं तर इस्पितळातून यायला दुसरी वाट गोदामांच्या भिंतीकडून. लांबलचक भिंत, एक दिवा नाही, एक घर नाही. भिंतीच्या कडेला संध्याकाळी कोण कोण बसलेलं असतं ते मी सांगायला नको. पोर एकदा फाटक दुरुस्तीला काढलं होतं तेव्हा तिकडून आली होती. त्या दिवशी तिने "काकू, आलेय" म्हटलं, पण आवाज निराळा होता. आवाजावरून माणूस ओळखण्यात माझी हयात गेली. मी चहा टाकला.

मुलांनी भावोजींकडे जाऊन विनंती केली की या विषयावर आमच्यातल्या एकाला बोलू द्या. बोलणारी म्हणून त्यांनी माझ्याकडच्या पोरीला निवडलं. भावोजी फार प्रेमाने बोलले. ते नाही म्हणतात तेव्हा फार प्रेमाने बोलतात.

"हे बघा बाळांनो, मंडळ हे इथे राहणाऱ्यांचं असतं. तुमचं काय, आज आहात, उद्या नाही."

हे मला पोरीने घरी येऊन सांगितलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आज आहात, उद्या नाही, असं कोण कोणाला म्हणतंय? ज्या माणसाच्या उशाशी औषधांच्या बाटल्यांची रांग आहे तो, धडधाकट पोरांना. आमच्या त्या सभेत उद्याची खात्री असलेला एकही जण नसतो. असलेच तर ते मागे भिंतीला टेकून उभे असतात.

सभेच्या संध्याकाळी मी पोरीला म्हटलं, "माझी खुर्ची घे." आमची खुर्ची वेताची आहे, हातांची, ह्यांची. ती तिने उचलली, हॉलमध्ये दुसऱ्या रांगेत नेऊन ठेवली आणि सवयीने भिंतीकडे जायला निघाली. मी तिचा दंड धरला.

"बस."

"काकू, मी कुठे बसू?"

"खुर्चीत. खुर्ची बसायलाच असते."

ती बसली. मी तिच्या शेजारी उभी राहिले. सगळा हॉल माना वळवून बघायला लागला. भावोजींच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"वहिनी, हे काय?"

"खुर्ची आमच्या घरची आहे. बसलीय ती आमच्या घरात राहते. यात काही चुकलं का?"

"पण घराच्या मालक तुम्ही आहात."

"हो ना. मालक उभी आहे. तुमच्या नियमात घराची खुर्ची म्हटलंय, मालकाचं बूड म्हटलेलं नाही."

मागची पोरं हसली. भावोजींनी टेबलावर पेन आपटलं. नियम त्यांनीच लिहिला होता, त्यामुळे तो त्यांना तोंडपाठ होता, आणि त्यात खरंच बुडाबद्दल काही नव्हतं. हिशेबनीस म्हणाले, "बोलू द्या हो, दोन शब्द बोलेल आणि गप्प बसेल." त्यांना नवीन खुर्ची लवकर टोचायला लागते.

पोर उभी राहिली. हातांवर भुकटी तशीच होती, इस्पितळातून थेट आली होती. मला वाटलं होतं ती चांगली तयारी करून बोलेल, हक्क वगैरे काढेल. तिने तसलं काहीच काढलं नाही.

"मला संध्याकाळी उशीर होतो," ती म्हणाली. "फाटक बंद झालं तर गोदामाकडून यावं लागेल. तिकडे अंधार असतो. मला भीती वाटते. हसणं बंद करतो आम्ही, फाटकापाशी थांबणार नाही, सायकली हातात धरून नेऊ. फाटक तेवढं राहू द्या."

मोठ्या नर्सबाईंनी मान डोलावली. त्यांनी स्वतः इस्पितळात रात्रपाळ्या काढल्यात, त्यांना ते कळलं असावं. दंतवैद्यांनीही घसा साफ केला.

भावोजी हसले. "भीती वाटते तर मुलीने वेळेवर घरी यावं."

"पाय चढवून बघायला आलेला माणूस असतो, काका," पोर म्हणाली. "त्याला एका पायावर उभा सोडून येता येत नाही."

भावोजींनी घड्याळ बघितलं आणि मतदान पुकारलं. आणि मग त्यांच्या सुपीक डोक्यात ती कल्पना आली. विषय विद्यार्थ्यांचा आहे, म्हणाले, तेव्हा मतदान होताना विद्यार्थी हॉलमध्ये नकोत, लोकांवर दडपण येतं. निःपक्षपातीपणा म्हणून सर्वांनी बाहेर जावं. पोरं भिंतीपासून सुटली आणि एकेक करून बाहेर गेली. माझी पोर उठायला लागली, मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली दाबलं.

"ही आमच्या घराचं मत आहे," मी म्हटलं. "मत कुठे बाहेर जातं का?"

भावोजी म्हणाले, "फाटक कायमचं बंद करावं, या ठरावाला ज्यांचा विरोध असेल त्यांनी खुर्ची फिरवावी."

आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं. फिरवावी, पण फिरवणार कोण? मोठ्या नर्सबाई मागे वळल्या आणि "बेटा" म्हणाल्या. मागे नुसती भिंत होती. बाईंनी हातांवर जोर देऊन अर्धवट उठून बघितलं, गुडघ्यातून कळ आली असावी, पुन्हा बसल्या. दंतवैद्यांनी बसल्या बसल्या खुर्ची जराशी सरकवली, तर लोखंडाचा फरशीवर असा काही कर्कश आवाज झाला की सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. दारात उभ्या त्यांच्या बायकोनेही बघितलं. पोरं खुर्ची उचलून फिरवायची, कोणाला पत्ता लागायचा नाही. स्वतः ओढायची तर सगळ्या हॉलला कळतं की हा माणूस अध्यक्षांच्या विरोधात चाललाय. दंतवैद्यांनी खुर्ची होती तिथे सरकवली. हिशेबनीस छताकडे बघत बसले. विरोध असलेली कितीतरी माणसं तिथे होती, आदल्या आठवड्यात माझ्या दारात येऊन मला तसं सांगून गेली होती. सगळी मूग गिळून समोर बघत बसली. जन्मभर विरोध दुसऱ्याच्या खांद्यावरून केला की वेळेला असंच होतं.

तेवढ्यात पोर उठली. तिला ती वेताची खुर्ची एका हाताने उचलता आली असती. तिने उचलली नाही. पाठ धरून फरशीवरून ओढली, सावकाश, मागचे दोन पाय किंचाळत राहतील अशी, पूर्ण अर्धं वर्तुळ. मग अध्यक्षांकडे पाठ करून बसली. मला हसू आलं आणि डोळ्यात पाणीही आलं. मी दोन्ही आवरलं नाही.

"हे मत धरता येणार नाही," भावोजी म्हणाले. "मत मालकाचं असतं, आणि मालकाची खुर्ची नाही. ठराव एकमताने मंजूर."

सभा संपली आणि मग दुसरा खेळ सुरू झाला. पोरं बाहेर थांबली नव्हती. ज्यांना जायला सांगितलं ती निघून गेली होती, यात त्यांचं काही चुकलं नाही. मंडळी आपापल्या खुर्चीपाशी उभी राहून दाराकडे बघत होती. शेवटी खुर्च्या तिथेच टाकून सगळे छड्या टेकत घरी गेले. भावोजींनी आपली साहेबाची खुर्ची दारापर्यंत ओढत नेली आणि उंबऱ्यात सोडली. आमची मात्र घरी आली. वाटेत दंतवैद्यांच्या बायकोने मला गाठलं आणि हळूच म्हणाली, "आम्ही मनातून तुमच्याच बाजूचे होतो हं."

"मग आता खुर्चीही मनातूनच घरी न्या," मी म्हटलं.

दोन दिवसांत फाटक बंद झालं. नुसतं कुलूप लावून भागलं असतं, पण भावोजींना पक्कं काम लागतं. पुढच्या अध्यक्षालाही उघडता येऊ नये म्हणून त्यांनी ते वेल्डिंग करून घेतलं. ठिणग्या उडत होत्या आणि ते छातीवर हात बांधून बघत होते.

संध्याकाळी "काकू, आलेय" आता उशिरा यायला लागलं. मी खिडकीत उभी राहायचे आणि माझा जीव टांगणीला लागायचा. कधी ती दोघातिघांबरोबर यायची, कधी एकटीच, धापा टाकत. आणि मग एक दिवस मी जिन्याखाली कपडे वाळत घालत होते, तेव्हा ती वर फोनवर बोलत होती. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही ही आमची नोकरीतली पहिली शिस्त, आणि मी ती कधी मोडली नाही. पण हे कानावर पडलंच. ती कोणाला तरी विचारत होती की इस्पितळाच्या बाजूला एखादी खोली मिळेल का. आणि म्हणाली, "इथून जायचं मनात नाहीये. पण काय करू."

ओला कपडा हातात धरून मी तशीच उभी होते. पुन्हा तो पंखा आणि पुन्हा ते गप्प घर मला नको होतं. मला ही पोर हवी होती, प्लास्टरच्या पावलांसकट. आणि ती जाणार होती ती कशामुळे, तर एका खिडकीतल्या बाईला दोन मुलांचं बोलणं ऐकू आलं नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गवंड्याला बोलावलं. आमचं घर टोकाचं. परसाची मागची भिंत थेट मागच्या रस्त्याला लागते. मी त्या भिंतीवर कोळशाने चौकोन काढला आणि म्हटलं, "इथे दार पाड."

पहिला हातोडा बसला तसे भावोजी कुंपणाशी हजर.

"वहिनी, मंडळाची परवानगी?"

"तुमच्या मागच्या भिंतीला खिडकी पाडलीत, तेव्हा काय नियम केला होतात? ज्याची भिंत त्याची मर्जी. एकमताने मंजूर आहे तो."

भावोजी आल्या पावली परत गेले. भिंतीत बसवलं ते दार आमच्या स्वयंपाकघराचं. तिथून काढलं आणि इथे बसवलं, नवीन करत बसायला वेळ कुठे होता. स्वयंपाकघर आता उघडं असतं आणि काय शिजतंय ते सगळ्यांना दिसतं. बाहेरच्या बाजूने मी घंटा लावली. त्या संध्याकाळी ती वेळेवर वाजली आणि परसातून आवाज आला, "काकू, आलेय. अहो, हे काय केलंत?"

"पाय पुसून ये," मी म्हटलं.

ती दारापाशीच खाली बसली आणि गुडघ्यांत तोंड घालून रडली. खोलीचा फोन तिने पुन्हा केला नाही. तिच्याबरोबरची पोरंही आमच्याच परसातून यायला लागली. हसतात, सायकली कुरकुरतात. माझ्या परसात मला आवडतं ते.

पण हे दार व्हायच्या आधीच वसाहतीतली बरीच पोरं खोल्या सोडून गेली होती. भावोजींच्या वरचा मुलगा सगळ्यात आधी गेला. आणि तेव्हा कुठे आमच्या शहाण्या लोकांच्या लक्षात आलं की मागच्या रस्त्यावर ते स्वतः कितीतरी वर्षांत गेलेच नव्हते. औषधं पोरं आणायची. पाव पोरं आणायची. चष्म्याची काडी दुरुस्त करून पोरं आणायची. फाटक आपल्या काहीच कामाचं नाही असं त्यांना वाटायचं, कारण त्यांच्या वतीने त्यातून दुसरं कोणीतरी ये-जा करत होतं. आता वेल्डिंग तोडायचं तर ठराव हवा, ठरावाला सभा हवी, आणि खुर्च्या अजून हॉलमध्ये जिथल्या तिथे होत्या, एकही फिरवायची सोय नव्हती. भावोजींची तेवढी उंबऱ्यात अडकली होती.

भावोजींच्या डोळ्यात रोज थेंब घालावे लागतात. थेंब संपले. ते एकदा गोदामाच्या बाजूने गेले आणि अर्ध्यातून परत आले. का ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण कोपराला खरचटलं होतं. त्यानंतरच्या एका संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, ते आमच्या परसात येऊन उभे राहिले. डोळे लाल झाले होते.

"वहिनी, जरा तुमच्या दारातून औषधाच्या दुकानात जाऊन येतो म्हणतो."

मी वाटाणे सोलत होते. मला त्यांची दया आली नाही असं नाही, पण ती फार मागून आली. आधी दुसरंच आलं.

"दार माझ्या एकटीचं नाही, भावोजी. या घरात दोघी राहतात. सभा घ्यावी लागेल."

पोरीला हाक मारली. ती हात न धुताच खाली आली. मी तिला परसात दोन खुर्च्या मांडायला लावल्या, एकीत मी बसले, एकीत ती. भावोजी उभे होते. त्यांनी तोंड उघडलं.

"बोलू नका," मी म्हटलं. "खुर्ची नाही त्याने बोलायचं नाही. शिवाय तुम्ही इथे राहत नाही. आज आलात, उद्या नसाल."

ते गप्प बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना सांगितल्यावर गप्प बसलेलं पहिल्यांदा पाहिलं, आणि मला ते फार गोड लागलं. खोटं कशाला बोलू?

"ठराव असा," मी म्हटलं, "की भावोजींना या दारातून जाऊ द्यावं. विरोध असेल त्याने खुर्ची फिरवावी." आणि मी उठले, ह्यांची वेताची खुर्ची फरशीवरून चांगली करकरत ओढली आणि भावोजींकडे पाठ करून बसले. समोर नुसती भिंत होती आणि तिच्यात माझं दार.

पोरीची खुर्ची हलल्याचा आवाज आला नाही. एकास एक झालं असं मी म्हणणार होते. बरोबरी झाली की अध्यक्ष काय करतात, असं भावोजींना विचारायचंही ठरवलं होतं. तेवढ्यात माझ्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर दोन पांढरे हात आले. तिने मला खुर्चीसकट उचललं, आवाज न करता फिरवलं आणि भावोजींच्या समोर ठेवलं.

"मी फिरवायला सांगितलं नव्हतं," मी म्हटलं.

"माहितीये, काकू," ती म्हणाली. "आत्तापर्यंत सांगितल्यावरच फिरवत आलोय."

मग तिने जाऊन कडी काढली. भावोजी माझ्याकडे न बघता दारापर्यंत गेले, आणि तिथे थांबले. त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता.

"फाटकाचं काहीतरी करायला हवं. सभा बोलावतो. खुर्च्यांना... तुम्ही मुलं याल ना?"

"येऊ की, काका," पोर म्हणाली. "पण आमच्या घेऊन येऊ."

बाहेर मागच्या रस्त्यावरचे दिवे लागले होते. भावोजी दुकानात गेले, थेंब घेतले, आणि परत आले तेव्हा कोणी न सांगता पाय पुसून आत आले.